दहापैकी सात

पारा चढला की माणसं सावलीला पळतात आणि फ्रीज मान टाकतात. त्यामुळे उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आराम करायचा असेल तर माणसाने दुसरा कुठलाही धंदा करावा, फ्रीज दुरुस्तीचा करू नये. वर्षभर रस्त्यात ओळख न देणारी मंडळी या दिवसांत फोनवर "अहो दादा, जेवलात का?" अशी सुरुवात करतात, आणि दुसऱ्या वाक्यात त्यांचं दूध नासलेलं असतं.

हा फ्रीजवाला चव्वेचाळीस वर्षांचा. कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन जिने चढून-उतरून त्याची मनगटं लोखंडाची झाली होती. पोट मात्र आपल्या मर्जीने वाढलेलं. हातात कसब असं की मागची जाळी नुसती ऐकून रोग सांगायचा. पण कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. "येतो", "बघतो", "करून टाकू" या तीन शब्दांवर त्याचा संसार आणि धंदा दोन्ही चालले होते.

अशा माणसाच्या कमरेला कराट्याचा हिरवा पट्टा होता, यावर त्याच्या ओळखीच्यांपैकी निम्म्यांचा विश्वास बसत नसे आणि उरलेले निम्मे हसत.

त्यात त्याची फारशी चूक नव्हती. लेक सात वर्षांची असताना तिला क्लासला सोडायचा आणि दीड तास बाहेर पायऱ्यांवर बसून डासांना रक्तदान करायचा. क्लास चालवणारे सर दिवसा दातांचे डॉक्टर. पाडायचे आणि बसवायचे असे दोन्ही धंदे त्यांच्याकडे आहेत, असं गावातले टवाळ म्हणत. बुटके, सडपातळ, आवाज खालचा. तीन वर्षं त्याला पायऱ्यांवर बघून एके दिवशी ते म्हणाले, "बसून बसून पायऱ्या झिजवताय. आत या की." नाही कसं म्हणणार? गेला आत. शिकत शिकत पांढऱ्याचा हिरवा झाला.

पण तोवर लेक तेरा वर्षांची होऊन तपकिरी पट्ट्यावर पोचली होती. आणि त्या क्लासचा नियम साधा होता: वय दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचं, आत मान पट्ट्याचा. पट्ट्याने लहान असलेल्याने मोठ्यापुढे वाकायचं, त्याला 'दादा' नाहीतर 'ताई' म्हणायचं. तेव्हा हा बाप आठवड्यातून तीनदा आपल्या पोटच्या पोरीपुढे कमरेत वाकून "ताई, येऊ का आत?" असं विचारत होता. लेक घरात त्याला 'अरे बाबा' म्हणायची, क्लासमध्ये 'तुम्ही'. एवढा मान तिच्याकडून त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि मिळत होता तोही फक्त ओरडा खाताना. बाकीची पोरं त्याला फ्रीजकाका म्हणत.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढे एक गंभीर गोष्ट घडली. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसायचं तर तपकिरी पट्टेवाल्याने आधी एका धाकट्याला तयार करून त्याच्या परीक्षेतून पार करून दाखवायचं, असा सरांचा दंडक होता. 'स्वतः मारता सगळ्यांनाच येतं, दुसऱ्याला उभं करून दाखवा' असं ते म्हणत. कुणाच्या वाट्याला कोण, ते चिठ्ठी टाकून ठरे. लेकीने स्टीलच्या डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा असा झाला की मागच्या रांगेतल्या पोरांनी न विचारताच ओळखलं.

हिरव्याचा निळा व्हायचा तर परीक्षा अशी: तयार करणाऱ्याने समोर उभं राहून दहा ठोसे मारायचे, शिकणाऱ्याने जागा न सोडता ते हाताने अडवायचे. हातावर हात आदळून खणखणीत 'टक्' असा आवाज आला तर तो धरला. दहापैकी सात हवेत. परीक्षा दर तीन महिन्यांनी. तीन वेळा आपटला तर तयार करणाऱ्याला काळ्या पट्ट्यासाठी पुढचं अख्खं वर्ष थांबायचं.

बाप दोनदा आपटला होता. आणि येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिसरी वेळ होती.

गंमत अशी की दुसरा कुणीही समोर आला की याचे दहाच्या दहा 'टक्' वाजत. एकदा एका पोलीस शिपायाचा ठोसा अडवला, तेव्हा त्या शिपायाने आठवडाभर डाव्या हाताने सलाम केला म्हणे. फक्त लेक समोर आली की याचा हात लोण्याचा होई. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी गच्चीत सराव करताना त्याने तिचा ठोसा जरा मनापासून अडवला आणि तिच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. तीन आठवडे प्लास्टर. त्या तीन आठवड्यांत बायकोने घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पेपरवाल्यालाही, "बापाने हात मोडला हो पोरीचा" असं शांतपणे सांगितलं. त्यानंतर लेकीचा ठोसा आला की याचा हात वर जायचा खरा, पण मांजर अंगावरून उतरवावं तसा.

शनिवारी सकाळी सहाला लेक त्याच्या उशाशी उभी.

"बाबा, ऊठ. गच्चीवर."

"बाळा, आज नऊ फ्रीज आहेत."

"फ्रीज कुठे पळून जात नाहीत. माझं वर्ष जाईल."

गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी ती उभी राहिली आणि क्षणात 'तुम्ही' सुरू झालं. "पाय फाका. गुडघा वाकवा. पोट आत."

"पोट आतच आहे, ताई."

"मग बाहेर आहे ते कुणाचं?"

तिने ठोसे मारले, त्याने अडवले. आवाज आला तो उशी झटकल्यासारखा. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून हसली.  लेक नुसती कमरेवर हात ठेवून टाकीकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बापाला बरं वाटलं असतं.

"उद्या जमेल गं," तो म्हणाला.

"हे तू मागच्या वेळी पण म्हणाला होतास."

'तुम्ही'वरून 'तू'वर आली, म्हणजे क्लास सुटला होता.

मग नऊ फ्रीजचे अकरा झाले. एका आजींचा फ्रीज बंद नव्हताच, त्यांनी फक्त बटण दाबलं नव्हतं, पण एवढ्या लांब बोलावलंय तर म्हणून त्यांनी पंखा, मिक्सर आणि गावाला असलेल्या सुनेचा स्वभाव या तिन्हींची दुरुस्ती त्याला विचारली. दर ठिकाणी फ्रीज पुढे ओढायच्या आधी तो कुणी बघत नाही ना ते पाहून दाराला आपला हात आपटून बघायचा. टक्. फ्रीजशी त्याचं वैर नव्हतं, तरी तिथे आवाज छान यायचा.

दुपारी बायकोचा फोन. ती वाचनालयात नोकरीला होती आणि तिथल्या सवयीने फोनवरही कुजबुजत बोलायची, त्यामुळे तिचं साधं बोलणंसुद्धा कटासारखं वाटे.

"उद्या आठ वाजता माझ्या भावाचं सामान हलवायचंय. तू येतो म्हणालायस."

"मी? कधी?"

"त्याने विचारलं तेव्हा तू 'बघू' म्हणालास."

"बघू म्हणजे..."

"तुझ्या 'बघू'चा अर्थ आमच्या माहेरी सगळ्यांना पाठ आहे."

"अगं, उद्या परीक्षा आहे. हात शिल्लक राहायला हवेत."

 पलीकडून कुजबुज आली, "ते मला कळतं. मग त्याला तूच फोन करून नाही सांग. मी नाही सांगणार."

फोन त्याने केला. मेव्हण्याने उचलल्याबरोबर "भावोजी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे" असं म्हटलं. भावोजी म्हणाले, "येतो."

रविवारी आठ वाजता मेव्हणा जिन्याच्या तोंडाशी हातात यादी घेऊन उभा होता. वजन उचलायला पाठ साथ देत नाही, म्हणून तो उंटावरून शेळ्या हाकणार होता. "भावोजी, कपाट आधी. नाही, नको, फ्रीज आधी. फ्रीज तुम्हीच उचला, तुम्हाला त्यातलं कळतं." जणू डॉक्टरला कळतं म्हणून पेशंटला त्यानेच पाठीवर घरी न्यावं. तिसऱ्या मजल्यावरून फ्रीज, कपाट, दोन पलंग आणि मेव्हण्याने सात वर्षं न उघडलेली व्यायामाची सायकल खाली आली. लेकही आली होती. ती पुस्तकांची खोकी उचलत होती आणि बापाच्या हातांकडे बघत होती.

पलंगाच्या वेळी ती मधल्या वळणावर आडवी उभी राहिली.

"मामा, पलंगाचं दुसरं टोक तू धर."

"अगं, माझी पाठ..."

"पाठीचं मला माहीत नाही. बाबाचे हात पाचपर्यंत लागणार आहेत. नाहीतर पलंग इथेच राहू दे. जिन्यात झोप."

मामाने यादी खिशात घातली आणि पलंग धरला. पाठ पलंगाला काही बोलली नाही. बाप वरच्या पायरीवरून हे बघत होता. इतकं सोपं असतं हे, असं त्याच्या मनात आलं, आणि चव्वेचाळीस वर्षं आपण कुठे होतो, असंही.

अडीच वाजता घरी येऊन त्याने गार पाण्यात दोन्ही हात बुडवले. कोपरापासून बोटांपर्यंत बारीक थरथर होती. बायकोने ती पाहिली, त्याच्या पांढऱ्या पोशाखाला इस्त्री केली, आणि मग बाहेर जाऊन भावाला फोनवर, यावेळी अजिबात न कुजबुजता, बरंच काही सांगितलं.

साडेतीनला औषधांच्या दुकानातून फोन. फ्रीज बंद पडला होता आणि आत इन्शुलिन होतं, लशी होत्या. दुकानदार गयावया करत नव्हता, म्हणून जास्त काळजी वाटत होती.

फ्रीजवाल्याने लेकीकडे पाहिलं. ती चपला घालत होती.

"जा," ती म्हणाली. "हे मामाच्या सायकलीसारखं नाहीये. पण पाचला क्लासवर. पाच म्हणजे पाच."

दुकानात रोग साधा निघाला. कॉम्प्रेसर सुरू करणारा छोटा रिले जळाला होता. नवीन त्याच्या पिशवीत होता. पण थरथरत्या बोटांनी तो बसवायला दहाऐवजी पंचवीस मिनिटं लागली. फ्रीज घुरघुरला, दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकला आणि "दादा, सरबत घेऊन जा" म्हणाला.

"नाही," फ्रीजवाला म्हणाला.

दोघंही दचकले. तो सायकलवर टांग मारून निघालासुद्धा.

पाचला दोन मिनिटं कमी असताना तो हॉलवर पोचला. वरती पत्रा, दोन पंखे, त्यातला एक नुसता शोभेचा. पालक भिंतीपाशी खुर्च्यांवर वह्यांनी वारा घेत बसलेले, त्यांत बायकोही होती. चटई पायाखाली तव्यासारखी तापलेली. परीक्षेला बसणारी इतर चार पोरं त्याच्या कमरेला लागत होती. त्यांच्या रांगेत तो उभा राहिला की वर्गाच्या फोटोत चुकून शाळेचा शिपाई आल्यासारखा दिसे. पहिला नंबर त्याचा.

लेक समोर आली. तो वाकला. ती वाकली. सर हातात वही घेऊन बाजूला उभे. 

आज काहीही झालं तरी अडवायचं, असं त्याने सायकलवर वाटभर स्वतःला बजावलं होतं. हात मोडला तर मोडला. प्लास्टर तीन आठवड्यांचं, वर्ष बावन्न आठवड्यांचं. हा हिशोब पटवून घ्यायला त्याला सहा महिने लागले होते.

"एक," सर म्हणाले.

ठोसा आला. त्याने हात जीव खाऊन फिरवला. तो हवेतून गेला आणि त्याच्या झोकाने तो स्वतःच अर्धा वळला. पालकांत कुणीतरी फिस्कन हसलं.

"दोन."

पुन्हा तेच. हात जोरात फिरला, पण आदळायला समोर काही नव्हतं. तिची मूठ त्याच्या छातीपासून चार बोटं अलीकडेच थांबली होती.

सरांनी वही मिटली. ते जवळ आले, तिच्या मुठीकडे आणि त्याच्या छातीकडे बघत मधलं अंतर मोजल्यासारखे थांबले.

"ठोसा पोचत नाहीये," ते त्यांच्या खालच्या आवाजात म्हणाले. "मागच्या परीक्षेत पण असंच मारलं होतंस का?"

 लेकीचे कान लाल झाले.

"मी समजत होतो याचा हात हलका आहे. तू पण हातचं राखून मारतेयस?"

"पहिल्या परीक्षेत खरं मारलं होतं, सर," ती शेवटी म्हणाली. "बरगडीला लागलं. त्यानंतर आठ दिवस ते कुशीवर झोपू शकत नव्हते. आईला त्यांनी सांगितलं, फ्रीजचं दार लागलं म्हणून."

खुर्च्यांमधून एक वही वारा घालायची थांबली. बायको वाचनालयात असते तेव्हापेक्षाही शांत झाली होती.

बाप वेड्यासारखा लेकीकडे बघत राहिला. सहा महिने तो हिला जपत होता आणि ही त्याला. दोघांनी मिळून इतक्या प्रेमाने, इतक्या शिस्तीने नापास होण्याची तयारी केली होती.

"हे दोन धरत नाही," सर म्हणाले. "पहिल्यापासून. पण खरं मारायचं नसेल तर आत्ताच सांग. मी वहीत लिहितो आणि आपण सगळे पंख्याखाली बसू."

तिने बापाकडे पाहिलं. ओठ हलले न हलले. "बाबा, लागेल रे."

क्लासमध्ये 'बाबा' हा शब्द चालत नसे. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बापाने पाय फाकले, गुडघा वाकवला. पोट जिथे होतं तिथेच राहिलं.

"मारा, ताई," तो म्हणाला.

"एक."

पोरीच्या अंगात एवढी ताकद कधी आली, हे बापाला त्या क्षणी कळलं, कारण ती सगळी त्याच्या छातीवर उतरली होती. हात अर्ध्या वाटेवरच राहिला होता. डोळ्यांपुढे काजवे. पण जागा त्याने सोडली नाही.

"दोन."

टक्! पत्र्यावर दगड पडावा तसा आवाज. चिमुरड्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

तीन, टक्. चार, टक्. चौथ्याला त्याने तिच्या हातावर लाल वळ उठलेला पाहिला, आणि बघत राहिल्यामुळे पाचवा सरळ पोटात घेतला. तिथे नाही तरी गादी होतीच. "समोर बघा!" ती ओरडली. सहा, टक्. सात, टक्. आठ, टक्. हात आता थरथरत नव्हते. त्यांना थरथरायला वेळच नव्हता. नवव्याला घाम डोळ्यांत गेला आणि ठोसा खांद्यावर बसला.

सहा झाले होते. एकच उरला होता.

सर मुद्दाम थांबले, का वहीचं पान उलटत होते, देव जाणे. बापाला समोर त्या दोन वर्षांपूर्वीचं प्लास्टर दिसत होतं, त्यावर तिने स्केचपेनने काढलेल्या फुलांसकट. तेच मनगट. हाच हात.

"दहा."

ठोसा आला आणि त्याने अडवला. आवाज असा झाला की शोभेचा पंखासुद्धा हलला, असं नंतर त्या चौघांपैकी एकाने शपथेवर सांगितलं. लेकीच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

आता वाकून नमस्कार होईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. जागा सोडली की शेवटचा बाद. बापाचे दोन्ही पाय तिच्याकडे निघाले होते, फक्त तळवे चटईवर होते. खुर्च्यांमध्ये बायको उभी राहिलेली त्याला दिसली. आणि सर लिहीत होते. दाताचे डॉक्टर जसे आधी दुखणं लिहितात, मग औषध, मग कधी घ्यायचं ते, तसे सावकाश, एकेक अक्षर काढत. दहा ठोसे त्यामानाने सुसह्य होते.

लेकीने मनगट फिरवून पाहिलं. मूठ मिटली, उघडली. बोटं हलली. मग हात खाली सोडून ती सरळ उभी राहिली आणि वाकली. तो वाकला.

"सात," सर म्हणाले. "निळा."

त्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. बायको खाली बसली आणि तिने वहीने जोरजोरात स्वतःला वारा घातला. बाप एका ढांगेत लेकीपाशी पोचला, तिचं मनगट उलटंसुलटं करून बघू लागला. वळ होता, सूज येणार होती, हाड शाबूत होतं. तिने हात सोडवून घेतला नाही. वर पत्र्याकडे बघत ती इतकी हसत होती की तिचे पुढचे दोन दात, जे सरांनीच तारेने सरळ केले होते, पूर्ण दिसत होते.

"आणि तू," सर तिला म्हणाले, "तीन महिन्यांनी काळ्याला. वीस ठोसे. समोर मी असेन. आणि मी काही तुझा बाप नाही, लक्षात ठेव."

"हो, सर!"

बापाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. गेले सहा महिने आपण नेमकं काय मिळवण्यासाठी मरत होतो, ते त्याला आत्ता पहिल्यांदा नीट समजत होतं. त्याने सरांचे हात पाहिले. बुटक्या माणसाच्या मानाने ते भलतेच रुंद होते, आणि रोज दाढा उपटून तयार झालेले होते.

तो लेकीची नजर चुकवून सरांच्या जवळ सरकला.

"सर, म्हणजे... नियम नियमाच्या जागी आहे," तो खाकरला. "पण त्या दिवशी तुम्ही जरासं..."

"काय जरासं?"

"नाही, म्हणजे अगदी हलकं असं नाही म्हणत मी..."

"सर, त्यांचं काही ऐकू नका," मागून आवाज आला. लेक सुजलेल्या मनगटाने त्याला चटईबाहेरची जागा दाखवत होती. "तुम्ही बाजूला व्हा बघू. अजून चार जणांची परीक्षा राहिलीय."

निळ्या पट्ट्यावाला वाकला आणि मुकाट्याने बाजूला झाला.